मासोळीचे हिरवे वाटण आणि धुऱ्यावरचा पाला

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आजच्या कार्यक्रमात मी चार शब्द बोलावे असे ठरले आणि विषय माझ्या मनाचा घ्यावा असेही सांगण्यात आले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. मोठमोठे विषय माझ्या आवाक्यातले नाहीत. चुलीजवळचा विषय घेतला तर कोणी नाव ठेवणार नाही, असा विचार करून मासोळीचे हिरवे वाटण हा विषय मी कळविला. पण बोलण्याची तयारी करू लागले तेव्हा ध्यानात आले की वाटण पाट्यावर येते ते अगदी शेवटी. त्याच्या आधी पाला कुठून आणायचा हा प्रश्न उभा राहतो, आणि तो काही चुलीजवळ सुटत नाही. तेव्हा निम्मे भाषण पाल्याचेच होईल. आपण ऐकून घ्यावे.

आपल्या मंडळात माळकरी भगिनी पुष्कळ आहेत. त्यांनी एवढ्यातच उठून जाऊ नये. हेच वाटण वांग्याला, बटाट्याला किंवा बेसनाच्या वड्यांना लावले तर तितकेच चांगले लागते. चातुर्मासात मी स्वतः तेच करते.

मासोळीच्या पदार्थांची पुस्तके पाहिली किंवा हल्ली मोबाईलवर पाककृती पाहिल्या तर त्या बहुतेक समुद्रकाठच्या असतात. सुरमई घ्या, पापलेट घ्या, ओला नारळ घ्या, आमसूल घ्या. मुंबईचे पारशी लोक पापलेटला ओला नारळ आणि कोथिंबिरीचे हिरवे वाटण लावून केळीच्या पानात बांधून वाफवतात, आणि त्यांच्या लग्नाच्या जेवणात तो पदार्थ मानाचा असतो. चांगलाच लागत असेल. पण राळेगावात बसून आपण त्याची नक्कल करायला गेलो तर नारळाचा भाव पाहूनच निम्मी चव जाते. आपल्याला समुद्र नाही. आपल्याला वर्धा नदी आहे, बाभूळगाव तालुक्यात बेंबळेचे धरण आहे, गावोगावी तळी आहेत. आपल्याकडे येते ती रोहू, कतला, मृगळ. नशीब असेल तर नदीची मरळ आणि बाम. आणि बारीक झिंगे.

या गोड्या पाण्याच्या मासोळीची एकच तक्रार पुष्कळ बाया करतात, ती म्हणजे मातकट वास. सून कोकणातून किंवा मुंबईहून आलेली असेल तर ती पहिल्याच दिवशी नाक मुरडते. हा वास चिखलाचा असे आपण समजतो. खरे पाहता साचलेल्या पाण्यात जे शेवाळ आणि डोळ्यांना न दिसणारे जीव असतात, त्यांतून एक द्रव्य निघते आणि ते मासोळीच्या कातडीत व चरबीत मुरते. जिओस्मिन असे त्याचे नाव आहे. मृगाचा पहिला पाऊस पडल्यावर जमिनीतून जो वास येतो, ज्यासाठी आपण मुद्दाम दारात येऊन उभ्या राहतो, त्यातही हेच द्रव्य असते. अंगणात तो वास सुगंध आणि ताटात दुर्गंध, अशी मौज आहे. आता या द्रव्याला आंबट पदार्थ लागला की ते मोडते, आणि वास उतरतो. म्हणून गोड्या पाण्याच्या मासोळीला आंबट लागतेच लागते. समुद्रकाठी आमसूल चवीसाठी आहे, आपल्याकडे आंबट हे औषधासारखे आहे.

हे शास्त्र मला अलीकडे कळले. परंतु आमच्या दारावर टोपली घेऊन येणाऱ्या मासोळीवाल्या आजीला ते कधीचेच ठाऊक होते. ती मासोळी मोजून देताना हमखास म्हणायची, "बाई, याले चिचेचा कोवळा पाला टाकजो, मंग पाय." तिला जिओस्मिन हा शब्द माहीत नव्हता, एवढेच.

तर आंबट पाला. आपल्या भागात बाराही महिने कोणता ना कोणता आंबट पाला मिळतो, किंवा मिळत असे असे म्हणू. उन्हाळ्यात चिंचेला नवी पालवी फुटते. तांबूस, पोपटी, बोटाने चुरली तर लगेच चिकट होणारी. हीच खुडायची. पान हिरवेगार आणि जाड झाले की त्यात नुसता चोथा राहतो. पैनगंगेपलीकडे आदिलाबादकडच्या तेलुगू बाया तिला चिंताचिगुरू म्हणतात, वाळवून वर्षभर ठेवतात, आणि मटणात, झिंग्यांत, मासोळीत घालतात. आपल्याकडे वाळवण्याची चाल कमी, ती घेण्यासारखी आहे. सावलीत दोन-तीन दिवस वाळवून, हाताने चुरून बरणीत भरली की झाले.

पावसाळ्यात अंबाडी. अंबाडीबद्दल मी जास्त बोलणार, कारण माझा जीव तिच्यावर आहे. पऱ्हाटीच्या वावरात कडेकडेने अंबाडीचे तास टाकायचे, ही आपली जुनी रीत. पाला भाजीला, बोंडे शरबताला आणि चटणीला, बी तेलाला, आणि सोललेल्या सालीचे दोर बैलांना. एका झाडाने याहून काय करावे? मासोळीसाठी अंबाडीची वरची चार-पाच पाने घ्यावीत, खालची जून पाने भाजीला ठेवावीत.

हिवाळ्यात आंबटचुका, आणि हरभऱ्याचा पाला. हरभऱ्याचा पाला मासोळीत घालतात हे ऐकून आपल्यापैकी काहीजणी हसल्या, मला दिसले. पण पहाटे हरभऱ्याच्या वावरातून गेलेल्या बाईला विचारा, लुगड्याच्या काठाला जी आंब लागते ती किती झोंबरी असते. तीच आंब कोवळ्या शेंड्यात असते. शिवाय शेंडे खुडल्याने झाडाला फांद्या जास्त फुटतात, म्हणजे घरधन्याचीही हरकत नसते. घाटे धरण्याच्या आत मात्र खुडावे.

आंबट पाल्याच्या जोडीला सुवासाचा पाला पाहिजे. सांबार तर पाहिजेच. पुण्याकडे त्याला कोथिंबीर म्हणतात आणि सांबार म्हटले की इडलीसोबतचे वरण समजतात. माझ्या भाचसुनेने एकदा "एक जुडी सांबार आण" म्हटल्यावर माझ्याकडे पाहिलेले मी विसरणार नाही. सांबाराशिवाय पुदिना, लसणाची पात, गोडनिंब आणि असल्यास ओव्याचे एखादे जाड पान. ओव्याचे पान एकच, दुसरे घातले की सगळे वाटण खोकल्याच्या औषधासारखे लागते.

इथवर सगळ्यांना ठाऊक असलेलेच मी सांगितले. आता जे सांगायचे आहे त्याकडे येते.

माझ्या सासूबाई निंदणाला जात. सकाळी जाताना कमरेला एक रिकामे फडके, आणि संध्याकाळी परतताना त्या फडक्यात तरोटा, कुंजर, घोळ, माठ, अंबाडी, जे हाती लागेल ते. निंदणाची मजुरी वेगळी, आणि हा पाला वेगळा. तो कोणी मोजत नसे, वावराचा मालकही नाही. त्यामुळे कोणत्या धुऱ्यावर काय उगवते याचा नकाशाच बायांच्या डोक्यात असे. गेली काही वर्षे निंदणाची जागा तणनाशकाने घेतली आहे. तणनाशक मारले तरी पऱ्हाटी मरत नाही असे बियाणे, ज्याला लोक चोर बीटी म्हणतात, सरकारची परवानगी नसतानाही विदर्भात पसरले. एक फवारा मारला की तासांतले सगळे तण आठ-पंधरा दिवसांत पिवळे. त्या तणातच तरोटा होता, कुंजर होता, घोळ होती. कडेची अंबाडीही गेली.

मी शेतकऱ्याला दोष देत नाही. माझ्याच घरी शेती आहे. ऐन निंदणाच्या वेळी आठ दिवस झड लागली, बाया मिळेनात, आणि तण गुडघ्याला आले तर शेतकऱ्याने काय करावे? हिशेब त्याच्या बाजूने आहे हे मला दिसते. पण त्या हिशेबात बाईच्या फडक्यातला पाला कुठेच धरलेला नसतो. तो फुकट होता, म्हणून गेला तेव्हा कोणाच्या वहीत तोटा लिहिला गेला नाही.

पाला गेला हे एक. जो उरला आहे तो खावा की नाही, हे दुसरे, आणि मला त्याची जास्त काळजी वाटते. २०१७ चा पावसाळा आपल्यापैकी कोणी विसरली नसेल. त्या वर्षी आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर औषध फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो माणसे दवाखान्यात भरती झाली. देशभरच्या वर्तमानपत्रांत यवतमाळचे नाव आले, ते असे आले. त्यानंतर तोंडाला फडके बांधा, हातमोजे घाला, वाऱ्याच्या दिशेने पाहून फवारा, याविषयी पुष्कळ सांगण्यात आले, आणि ते योग्यच झाले. परंतु फवाऱ्याचे औषध केवळ फवारणाऱ्याच्या अंगावर पडत नाही. ते धुऱ्यावरच्या घोळीवर पडते, कडेच्या चिंचेच्या खालच्या फांदीवर पडते, आणि दुसऱ्या दिवशी आपण तिथूनच पाला खुडून आणतो. फवारणी पुरुषाने केली, पाला बाईने खुडला, आणि दोघांत बोलणे झालेच नाही, असे किती घरी होते हे ज्याने त्याने मनाशी पाहावे.

काही भगिनी म्हणतील, धुऊन घेतले म्हणजे झाले. धुतल्याने पानावर बसलेले औषध बरेच कमी होते, हे खरे. पण पुष्कळ औषधे आंतरप्रवाही असतात. म्हणजे ती पानावर बसून राहत नाहीत, झाडाच्या रसात शिरतात आणि शेंड्यापर्यंत जातात. आपल्याला तर शेंडाच हवा असतो. ते मिठाच्या पाण्याने जात नाही, चिंचेच्या पाण्याने जात नाही, आणि गरम पाण्याने तर पाल्याचीच चव जाते.

औषधाच्या डब्यावर एक चौकोन असतो, त्यात रंगीत त्रिकोण असतो, तो आपण बायांनी ओळखायला शिकले पाहिजे. लाल म्हणजे अतिशय विषारी, पिवळा त्याखालोखाल, मग निळा, मग हिरवा. हिरवा म्हणजे विष सर्वांत कमी. विष नाही असे नव्हे. दुकानातून डबा घरी आला की तो त्रिकोण पाहावा, आणि फवारल्यानंतर किती दिवस पीक तोडू नये हे लेबलावर छापलेले असते तेही मुलाकडून वाचून घ्यावे. आमच्या घरी मी एक साधी गोष्ट सुरू केली. ज्या दिवशी फवारा होतो त्या दिवशी घरधनी दाराशेजारच्या कालनिर्णयावर लाल पेनाने फुली मारतात आणि कोणत्या वावरात ते लिहितात. त्या वावरातून आणि त्याच्या धुऱ्यावरून त्या हंगामात पाला आणायचा नाही. पीक किती दिवसांनी तोडावे ते लेबलावर असते, पण धुऱ्यावरच्या घोळीसाठी कोणी काही छापलेले नाही. म्हणून मी पूर्ण हंगामच सोडते. सुरुवातीला ते हसत. आता फुली मारायची राहिली तर मुलगीच आठवण करून देते.

शेजारच्या वावराचे काय, असा प्रश्न येईल. तिथे विचारावे लागते. विचारायला संकोच वाटतो, पण "काका, तुमच्याकडे फवारा केव्हा झाला?" एवढे विचारल्याने कोणी रागावत नाही. मला एकदाच उलटे उत्तर मिळाले, आणि तेही दुसऱ्या दिवशी त्यांच्या कारभारणीने येऊन नीट सांगितले.

आणखी एक. फवाऱ्याचा पंप नाल्यात धुऊ नये. कीटकनाशकांतली काही औषधे माणसाला जेवढी बाधत नाहीत त्याहून कितीतरी अधिक मासोळीला बाधतात. थोडक्या औषधानेही ती उलटी होऊन तरंगते. अशी तरंगणारी मासोळी फुकट मिळाली म्हणून घरी आणणारे लोक आहेत. आणू नये. कितीही हिरवे वाटण लावले तरी त्यावर उपाय नाही.

आता जरा दूरची गोष्ट सांगते. माझा एक भाचा नोकरीनिमित्त जर्मनीत फ्रँकफर्ट शहरी आहे. त्याने तिकडच्या एका हिरव्या चटणीची माहिती सांगितली ती मला फार नवलाची वाटली. ती चटणी सात प्रकारच्या पाल्यांची असते आणि कच्चीच करतात. सातही पाले एकत्र कागदात गुंडाळून त्याची जुडी बाजारात विकतात. बारीक चिरून दह्यासारख्या आंबट सायीत कालवायचे आणि उकडलेली अंडी, बटाटे किंवा मासोळीबरोबर खायचे. ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी तर ती घरोघरी होते. त्या सात पाल्यांत एक आपल्या आंबटचुक्याची सख्खी बहीण आहे, आणि एक चक्क अळीव आहे. ज्या अळिवाचे लाडू आपण बाळंतिणीला देतो, त्याच्या बियांपासून उगवलेला कोवळा पाला ते लोक चटणीत घालतात. आपण बी खातो आणि पाल्याकडे पाहत नाही; ते पाला खातात. २०१६ मध्ये युरोपच्या संघाने त्या सात पाल्यांच्या जुडीला संरक्षण दिले, म्हणजे दुसरीकडचा पाला आणून फ्रँकफर्टच्या नावाने विकता येत नाही. आपल्याकडे वर्धा जिल्ह्यातल्या वायगावच्या हळदीलाही त्याच वर्षी असे मानांकन मिळाले. हळद विकली जाते म्हणून तिला मिळाले. धुऱ्यावरची घोळ कोणी विकत नाही, तिला कोण विचारतो!

अळिवाचा पाला मी करून पाहिला. परातीत दोन बोटे माती पसरायची, अळीव दाट विखुरायचे, ओल्या फडक्याने झाकायचे आणि रोज पाणी शिंपडायचे. मोड आले की फडके काढायचे. आठ-दहा दिवसांत बोटभर पाला तयार होतो. मोहरीसारखा तिखट, मासोळीला फार छान. ज्यांना परस नाही, ज्या भाड्याच्या दोन खोल्यांत राहतात, त्यांनाही खिडकीत हे जमते. विकतच्या बेण्याला पेरणीपूर्वी औषध लावलेले असते, म्हणून खाण्याचे अळीव किराणा दुकानातूनच आणावे. तसेच धन्याचे. घरचे धने हातावर रगडून दोन भाग करायचे, एक रात्र भिजवायचे आणि पेरायचे. विकतच्या गुलाबी रंगाच्या बेण्याची गरज नाही. तो गुलाबी रंग औषधाचा असतो.

पुदिना पूर्वी आपण न्हाणीच्या पाण्यावर लावायचो. आता लावू नये असे माझे मत आहे. तेव्हा न्हाणीचे पाणी म्हणजे शिकेकाई आणि थोडे साबण. आता त्यात काय काय पावडरी असतात! फुटक्या बादलीत लावावा आणि तांदूळ धुतलेले पाणी घालावे. अंबाडीची चार झाडे अंगणात कुठेही येतात. त्याहून चांगले म्हणजे घरधन्याकडून धुऱ्याकडचे दोन तास मागून घ्यावेत, ज्यावर फवारा मारायचा नाही. दोन तासांनी शेती बुडत नाही. मी मागितले तेव्हा आमच्याकडे पहिल्यांदा "पाहू" असे उत्तर आले. दुसऱ्या वर्षी मी पेरणीच्याच दिवशी बी घेऊन बांधावर जाऊन बसले, तेव्हा मिळाले.

आपल्याच तालुक्यात रावेरीला सीतामाईचे देऊळ आहे. शरद जोशींनी त्याचा जीर्णोद्धार केला, हे आपणास माहीत आहे. सीतामाईने दोन लेकरांसाठी गावात पसाभर गहू मागितला आणि गावाने दिला नाही, अशी तिथली कथा आहे. ती ऐकताना गावच्या पुरुषांचा राग येतो, पण मला नेहमी वाटते की गावात बायाही असतीलच. त्यांच्या हाती पसाभर गहू नव्हता काय? का विचारल्याशिवाय द्यायची सोय नव्हती? दोन तासांचे मागणे तसेच काहीसे आहे, म्हणून आठवले. असो.

आता वाटण. एक किलो मासोळीचे माप सांगते.

मासोळी घेताना कल्ले उचलून पाहावे, आत लाल असावे. डोळा फुगीर आणि स्वच्छ असावा. बोटाने दाबले तर खड्डा राहू नये. रोहूत बारीक दोनतोंडी काटे फार असतात, लहान मुलांना द्यायची असेल तर मरळ बरी. तुकडे करून ज्वारीच्या पिठाने आणि मिठाने चोळावेत, दोन पाण्यांनी धुवावेत, पाण्यात भिजत मात्र ठेवू नयेत. पोटातली काळी पातळ साल काढून टाकावी, तिला वास जास्त असतो. मग हळद, मीठ आणि एका लिंबाचा रस लावून पाव तास ठेवावे.

वाटणासाठी सांबार दोन मोठ्या मुठी, कोवळ्या दांड्यांसकट. वास दांडीत जास्त असतो, ती फेकणे म्हणजे पैसे फेकणे. पुदिना अर्धी मूठ. लसणाची पात आठ-दहा काड्या, नसल्यास बारा पाकळ्या. हिरव्या मिरच्या सात-आठ, आपापल्या घरच्या जिभेप्रमाणे. बोटाच्या पेराएवढे आले, एक चमचा जिरे, आणि नारळाच्या जागी दोन चमचे भाजलेले तीळ. आंबट पाला एक मूठ. अंबाडी असेल तर ती आधी चमचाभर तेलात परतून घ्यावी, रंग काळपट झाला म्हणजे झाली. चुका आणि हरभऱ्याचे शेंडे कच्चेच चालतात. चिंचेची पालवी हातावर रगडून घ्यावी.

पाट्यावर आधी खडे मीठ, जिरे, लसूण, मिरची वाटावी, मग तीळ, मग आंबट पाला आणि सगळ्यांत शेवटी सांबार आणि पुदिना. पाणी जवळजवळ नकोच. मिक्सरमध्ये करणाऱ्यांनी एकदम फार वेळ फिरवू नये, भांडे तापते आणि वाटण काळे पडते. थांबून थांबून फिरवावे आणि थंड पाणी घालावे. आंबटाने हिरवा रंग उतरतो, हे लक्षात ठेवावे. पाहुण्यांपुढे रंग हवा असेल तर सांबाराची एक मूठ मागे ठेवून वाढण्यापूर्वी वाटून घालावी. घरच्या माणसांना रंगाशी काही देणेघेणे नसते.

याचे दोन प्रकार होतात. तव्यावर थोड्या तेलात मासोळी दोन्ही बाजूंनी तांबूस होईपर्यंत भाजावी, तुकडा सराट्याने एकदाच उलटावा, आणि ताटात वाढल्यावर हे कच्चे वाटण थोड्या पाण्याने सैल करून वरून ओतावे. यालाच इंग्रजी पद्धतीत सॉस म्हणतात, आपण ओली चटणी म्हणू. यात पाल्याचा खरा स्वाद कळतो, आणि यातच पाला खात्रीचा असणे सर्वांत जरुरीचे आहे, कारण तो शिजतच नाही. दुसरा प्रकार रश्श्याचा. गंजात तेल चांगले तापवून, जवसाचे मिळाले तर उत्तम, त्यात गोडनिंब आणि वाटण घालून तेल सुटेपर्यंत परतावे, दोन पेले गरम पाणी घालावे, उकळी आली की मासोळी सोडावी. नंतर चाटू घालू नये, गंज फडक्याने धरून हलवावा. दहा-बारा मिनिटे पुरे. ज्वारीच्या भाकरीबरोबर त्याच दिवशी आणि भाताबरोबर दुसऱ्या दिवशी सकाळी, असा माझा अनुभव आहे. रात्रभर मुरल्यावर आंबट आत जाते.

ज्यांना मुतखड्याचा त्रास आहे त्यांनी चुका, घोळ आणि अंबाडी बेताने खावी, डॉक्टरही तसेच सांगतात. त्यांनी लिंबावर भागवावे.

मी बोलण्याच्या ओघात वेळ जास्त घेतला, अध्यक्षबाई घड्याळाकडे पाहत आहेत. बाहेर ओसरीत मी एका टोपलीत पुदिन्याच्या मुळ्या आणि कागदाच्या पुड्यांत घरच्या अंबाडीचे बी आणून ठेवले आहे. हे बी त्या दोन तासांतले आहे. एका पुडीत अंगणापुरते, म्हणजे आठ-दहा झाडांपुरते आहे. ज्यांना वावरात तास टाकायचे असतील त्यांनी मला नावे सांगावीत, पेरणीच्या आधी घरी येऊन जास्त बी न्यावे, आणि पुढच्या वर्षी तेवढेच परत आणून द्यावे, म्हणजे दुसरीला देता येईल. पुदिन्याच्या मुळ्या आजच लावा, उद्यापर्यंत ठेवल्या तर सुकतील.